मैत्रिणीचं सुतक कोण पाळतं?

प्रश्न : मी ६८ वर्षांची, बोरिवलीत राहते. १९९२ साली चर्चगेटची महिला स्पेशल सुरू झाली, त्या डब्यात तिची-माझी ओळख झाली. ती कांदिवलीला चढायची, मी पर्स ठेवून तिची जागा धरायची. निवृत्तीनंतरही रोज फोन. गेल्या श्रावणात ती अचानक गेली. आदल्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी नातवाला भरवत होते. ‘नंतर करते’ म्हणून ठेवला. चार महिने झाले, धड झोप नाही. सून म्हणते, ‘आई, सख्खी बहीण होती का ती?’ तिची मुलगी घरी बोलावते, पण पाय उचलत नाही. भिशीत तिच्या जागी नवी बाई घेतली, तेव्हापासून मी जाणंच सोडलं. माझं काही चुकतंय का?
– चौथी सीट

ताई,
काय नाव घेतलंत! लोकलनं नोकरी न केलेल्यांसाठी सांगते : तिघींच्या बाकावर काठाला टेकून, अर्धं अंग बाहेर ठेवून बसायचं, ती चौथी सीट. तुमच्या दुःखाची गत सध्या तशीच झाली आहे. घरचं माणूस गेलं की दहावं-तेरावं होतं, लोक भेटायला येतात, शेजारीण पिठलं-भात आणून देते. मैत्रीण गेली त्या संध्याकाळी मात्र तुम्हाला नेहमीसारखा कुकर लावावा लागला असेल.

सुनेला साधा हिशेब सांगा. बोरिवली ते चर्चगेट तास धरला तरी जाऊन-येऊन दोन तास, निवृत्तीपर्यंत वीस-बावीस वर्षं. घरात मुलांचे अभ्यास, सासूबाईंची औषधं, उद्याची भाजी यातून नवऱ्याशी तरी इतकं बोलणं झालं का? (माझं नाही झालं.) तिला तो डबा सांगा. मांडीवर मेथी निवडणं, डब्यातलं हळदीकुंकू, कुणा पोरीचं चालत्या गाडीतलं डोहाळजेवण. ती वाईट नसेल हो, तिनं ते पाहिलेलंच नाही.

आता त्या फोनचं. चार महिन्यांतून एकदा फोन करणाऱ्या मामेसासऱ्यांना आपण कधी ‘नंतर करते’ म्हणतो का? मान खाली घालून सगळं ऐकून घेतो. ‘नंतर’ म्हणतो ते रोजच्या माणसाला. दूध उतू जातंय म्हणून तिनं तुमचे किती फोन असेच ठेवले असतील, जरा आठवून बघा.

तिच्या मुलीकडे मात्र जा. तिला आई माहीत आहे ती घरातली, दमून आलेली, पदर खोचून ओट्याशी उभी राहिलेली. कांदिवली ते चर्चगेट प्रवास करणारी बाई तिला माहीत नाही. ती साहेबांशी कशी भांडली, बढतीनंतर पहिली साडी कोणती घेतली, कशावरून तुम्ही दोघी दादर येईपर्यंत हसत होतात, याला आता साक्षीदार तुम्हीच. फक्त सगळं सांगू नका. तिनं विश्वासानं तुमच्यापाशी ठेवायला दिलेलं तुमच्यापाशीच राहू दे. पोटच्या मुलीलाही ते देऊ नका.

भिशीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची नाही. एक हप्ता कमी पडला, त्यांनी माणूस घेतलं. गाडीत एखादी निवृत्त झाली की तिच्या खिडकीत दुसरी बसायचीच, तुम्हीही बसला असाल. ती नवी बाई कुणाच्या जागी आलो आहोत हे ओळखून बिचारी अवघडून बसत असेल. संक्रांतीच्या भिशीला जाऊन या. नाही रमलात तर हप्ता भरून उठा.

चार महिने झोप नसणं मात्र अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब-थायरॉइड तपासून घ्या. रात्री फारच जड गेलं तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही चालतं.

आणि कांदिवलीला रिक्षानं जाऊ नका. दुपारची, रिकामी लोकल घ्या. एकच तर स्टेशन. शेजारच्या जागेवर पर्स ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेवा.