कॉमन लॉचा बेअर अॅक्ट कुठे मिळेल?

बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याची नुसती कलमं छापलेली पुस्तिका, शोधत बसू नका, ती नाहीच; कॉमन लॉ म्हणजे कोर्टांच्या निकालांतून घडत गेलेला कायदा. कॉमन लॉ कोणी लिहिला, असं तुम्ही विचारलंय आणि 'इंग्लंडच्या रूढींतून आला' हे पाठ्यपुस्तकी वाक्यही दिलंय. माझ्या मते ते वाक्य अर्धवट आहे. रूढींचा वाटा होता, पण कॉमन लॉ घडला तो मुख्यतः राजाच्या कोर्टाच्या कामकाजातून.

१०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतले नॉर्मन इंग्लंड जिंकून आले तेव्हा तिथे मुलखामुलखाचे रिवाज निराळे होते. दुसऱ्या हेन्री राजाने (११५४ ते ११८९) राजाचे न्यायाधीश नियमितपणे परगण्यांत फिरवायला सुरुवात केली. तेच न्यायाधीश सगळीकडे जाणार म्हटल्यावर एकसारख्या भांडणाला एकसारखा निकाल मिळू लागला. सगळ्या राज्याला लागू, म्हणून कॉमन. (समान नागरी कायद्याचा इथे काही संबंध नाही.)

आता खरी गंमत. तुमच्या जमिनीतून कुणी तुम्हाला दांडगाईने हुसकावलं, तर तुम्ही राजाच्या दफ्तरातून पैसे भरून रिट, म्हणजे राजाचा लेखी हुकूम, घ्यायचं. मग शेरीफ (परगण्यातला राजाचा अधिकारी) आसपासची बारा माणसं जमवी आणि ती जाऊन जमीन बघून येत. न्यायाधीश आला की त्यांना एवढंच विचारलं जाई: याला अन्यायाने, निवाड्याशिवाय बेदखल केलं का? हो म्हणाले, की कब्जा परत. मालकीचा वाद नंतर, वेगळा. आपल्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, १९६३ चं कलम ६ उघडून बघा: सहा महिन्यांच्या आत दावा लावा, मालकी कुणाची हे न बघता कब्जा मिळतो. आठशे वर्षं झाली तरी विचार तोच आहे.

अशी रिटं ठरावीक साच्यांची होती. साच्यात न बसणारी तक्रार वाऱ्यावर. त्यामुळे लोक राजाचा वरिष्ठ अधिकारी असलेल्या चॅन्सलरकडे जाऊ लागले आणि त्यातून इक्विटी, म्हणजे न्यायबुद्धीने दाद देणारी वेगळी व्यवस्था, उभी राहिली. १८७३-७५ च्या कायद्यांनी कॉमन लॉची आणि इक्विटीची कोर्टं एक झाली.

आधीच्या निकालाने पुढच्या कोर्टाला बांधून घ्यायचं, हा नियम मात्र सावकाश घट्ट होत गेला. निकालातून कायदा कसा निघतो हे बघायचं तर १९३२ चा डोनोह्यू वि. स्टीव्हन्सन वाचा. पेस्लीतल्या कॅफेत मैत्रिणीने घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाली, अशी तक्रार होती. बाटली स्वतः विकत घेतलेली नाही, म्हणजे करार नाही. तरीही उत्पादकाने ग्राहकाची काळजी घेतलीच पाहिजे, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च अपील कोर्ट) तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं. गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही! शिवाय खटला स्कॉटलंडचा, जिथला कायदा वेगळा. पण या मुद्द्यावर इंग्लंडचा कायदाही तोच, असं लॉर्डांनी धरलं.

आपल्याकडे करारासारखे विषय १८७२ पासून लेखी कायद्यात आहेत, पण टॉर्ट, म्हणजे कराराबाहेरच्या नुकसानीची भरपाई देणारा कायदा, अजून बरंचसं निकालांवरच चालतं. दिल्लीतल्या १९८५ च्या ओलियम वायुगळतीनंतर सुप्रीम कोर्टाने रायलंड्स वि. फ्लेचर या इंग्लिश खटल्याचा १८६८ चा नियम (आपल्या जमिनीवरची धोकादायक वस्तू निसटून नुकसान झालं तर चूक नसतानाही जबाबदारी, पण काही अपवाद सोडून) अपुरा ठरवला आणि धोकादायक उद्योगांवर कुठलाही अपवाद नसलेली जबाबदारी टाकली. संसदेने एक ओळही लिहिली नव्हती. पण सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा अनुच्छेद १४१ प्रमाणे देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो.

उलट, म्हणजे लेखी संहितेवर चालणारा, नमुना हवा असेल तर गोवा बघा. तिथे वारसाहक्क आणि विवाहाच्या बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा अजून चालू आहे, आणि तिथला वकील आधी लेखी कायद्याचं कलम काढतो, निकाल मग.