वाचक विचारतात: हरणाचं वय नक्की कसं ठरवायचं?

प्रश्न: मी सॅन अँटोनिओला राहतो. ऑफिसातल्या तिघांबरोबर टेक्सासातल्याच लानो काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) एका रँचवर डिअर लीज, म्हणजे हरणाच्या शिकारीसाठी जागा भाड्याने घेतलीये, माझं हे दुसरंच वर्ष. मालकांचा नियम आहे की पाच वर्षांच्या आतला नर मारायचा नाही. नोव्हेंबरमध्ये मी शिंगांना आठ टोकं असलेला एक नर मारला, मला तो चांगला जुना वाटला होता. जबडा बघून एकजण म्हणाला साडेतीन, दुसरा साडेचार, आणि मालक म्हणतात साडेसहा. कोणाचं खरं धरू? आणि हे 'साडे' काय प्रकरण आहे?
– एक वाचक, सॅन अँटोनिओ

उत्तर: 'साडे'चं सोपं आहे. तुमच्या भागात व्हाइटटेलची, म्हणजे तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची पाडसं साधारण मे-जूनमध्ये जन्मतात आणि शिकारीचा सीझन नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणजे तेव्हा मारलेलं कुठलंही हरीण इतकी वर्षं अधिक पाच-सहा महिने असंच असणार, म्हणून दीड, अडीच, साडेतीन असं मोजतात.

आता कोणाचं खरं? खरं सांगायचं तर त्या जबड्यावरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की नर अडीच किंवा त्याच्या वरचा आहे. तुम्हाला हे उत्तर अपुरं वाटेल पण पुढचं वाचा.

जबड्यातल्या दाढा बघून वय ठरवायची ही पद्धत सेव्हरिंगहाउस नावाच्या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या हरणांवरून 1949 साली मांडली. खालच्या जबड्याची एक बाजू घ्या. पूर्ण वाढलेल्या हरणाला तिथे सहा दाढा असतात, पुढच्या तीन उपदाढा आणि मागच्या तीन खऱ्या दाढा. सहापेक्षा कमी दिसल्या तर ते त्याच वर्षीचं पाडस, विषय संपला. सहा असतील तर पुढून तिसरी बघा. दीड वर्षाच्या हरणात ती अजून दुधाची असते, तिला तीन उंचवटे असतात आणि ती चांगलीच झिजलेली असते, किंवा नुकतीच पडून तिच्या जागी दोन उंचवट्यांची पांढरीशुभ्र नवी दाढ वर येत असते. अडीचला ती कायमची दाढ शेजारणींसारखीच वापरातली दिसायला लागते. इथपर्यंत चूक व्हायला जागा फार कमी, कारण हे दात येण्या-पडण्याचं वेळापत्रक आहे आणि ते शरीर स्वतः पाळतं.

त्याच्या पुढे सगळा खेळ झिजेवर. दाढेच्या उंचवट्यावर बाहेर पांढरं इनॅमल आणि मध्ये तपकिरी डेंटिनची रेघ दिसते, इनॅमल झिजत गेलं की ती रेघ रुंद होते. पहिल्या खऱ्या दाढेवर डेंटिन इनॅमलपेक्षा रुंद झालं की साडेतीन, दुसरीवर झालं की साडेचार, तिसरीवर झालं की साडेपाच, असं शिकवतात. ऐकायला एकदम नीट वाटतं. पण हरीण काय खातं, त्या पाल्यावर किती वाळू आहे, त्याचं इनॅमल मुळात किती जाड आहे यावर झीज ठरते आणि लानोची माती ग्रॅनाइटची, भरड, दाताला कानस लावल्यासारखी. एकाच कुंपणातली एकाच वयाची दोन हरणं वेगवेगळी झिजतात. ओक्लाहोमात नोबल फाउंडेशन या शेती संशोधन संस्थेच्या लोकांनी ज्यांचं वय आधीपासून माहीत आहे अशा हरणांचे जबडे जाणकारांना दाखवले, 2002 साली ते काम छापून आलं. पाडस, दीड वर्षाचं आणि अडीच किंवा त्याच्या वरचं एवढे तीनच गट भरवशाने ओळखता येतात, असंच त्यातून निघालं.

मी स्वतः बरेच सीझन वजनकाट्यापाशी बसून जबडे बघितलेत. एका नराच्या नावापुढे मी अगदी छातीठोकपणे साडेपाच लिहिलं, मग कातडी काढताना कानाच्या केसांत दडलेला जुना टॅग सापडला, पाडस असताना लावलेला, हिशोब केला तर साडेतीन. दोन वर्षं चुकलो होतो. तेव्हापासून अडीचच्या पुढे मी फॉर्मवर 'अडीच+' लिहितो आणि अंदाज वेगळ्या रकान्यात टाकतो.

अजून पक्कं उत्तर हवं असेल तर पुढचे मधले दोन पटाशीचे दात मुळासकट काढून लॅबला पाठवा. मोंटानात यासाठीच एक जुनी लॅब आहे. दाताच्या मुळावर दरवर्षी सिमेंटमचा थर चढतो आणि हिवाळ्यात वाढ मंदावते तिथे गडद रेघ उमटते, झाडाच्या वर्षवलयांसारखी. मुळाचा पातळ काप काढून, रंगवून मायक्रोस्कोपखाली त्या रेघा मोजतात. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात त्या स्पष्ट येतात, तुमच्याकडे हिवाळा सौम्य म्हणून पुसट. लॅब वयाबरोबर ए, बी, सी असा खात्रीचा दर्जाही कळवते, तो न वाचता फक्त आकडा धरून बसू नका. मूळ तुटलं तर काम बिघडतं, तेव्हा घाई करून पकडीने ओढू नका, हिरडी चाकूने मोकळी करा.

आणि मालकांना एक सांगा, माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल. एका नराचं वय साडेचार का साडेसहा यावर भांडण्यापेक्षा दरवर्षीचे सगळे जबडे ठेवा, माद्यांचे पण. प्रत्येकाला तारीख, वजन, नर का मादी, मादी दुधावर होती का हे लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि कांद्याच्या जाळीदार पिशवीत टांगून वाळवा. दीड वर्षाच्या हरणांचं सरासरी वजन वर्षानुवर्षं खाली येत असेल तर रँचवर खाणारी तोंडं जास्त झालीत आणि माद्या कमी करायची वेळ आलीय. हे कळायला दीड वर्षाचं कोण एवढंच ओळखायला लागतं आणि ते आपल्याला नक्की येतं. वय न बघता सगळ्यांची वजनं एकत्र केलीत तर त्या सरासरीचा काडीचा उपयोग नाही.

प्रश्न: ट्रेल कॅमेऱ्यावर (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा, रानात लावलेला कॅमेरा) फोटो खूप येतात. गोळी झाडायच्या आधीच, जिवंत नराचं वय कसं कळणार? शिंगांची टोकं मोजून?
– एक वाचक, ऑस्टिन

उत्तर: टोकं मोजून अजिबात नाही. शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, त्यांची टोकं आणि जाडी खाण्यावर, अनुवंशावर आणि वयावर मिळून ठरते, चांगलं खायला मिळालेल्या दीड वर्षाच्या नरालाही आठ टोकं येतात. मी तर फोटोतल्या शिंगांवर अंगठा ठेवतो आणि मगच बघतो. खाली जे उरतं ते मादीसारखं दिसतंय, पाय लांब, मान बारीक, तर दीड. पाय अजून लांबच वाटतात, कंबर बारीक, अंग नीट भरलेलं नाही, तर अडीच. साडेतीनला छाती उतरते आणि माजाच्या काळात मान फुगते पण मान आणि खांदा अजून वेगळे दिसतात, शर्यतीच्या घोड्यासारखा बांधा. पाचच्या पुढे मान थेट छातीत मिसळते, पोट लोंबतं, पाय आखूड वाटायला लागतात. फोटो माजाच्या वेळचा आहे का ते नक्की बघा, कारण माज संपल्यावर तोच नर वाळून एक-दोन वर्षांनी लहान दिसतो. आणि एका फोटोवर ठरवू नका, बाजूने, मान सरळ असलेले चार-पाच तरी हवेत. एवढं करूनही 'तरुण, मधला, जुना' याच्यापुढे जाऊन आकडा सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही वर्षं शिकार करत असो.

टेक्सासच्या वन्यजीव खात्याला ही अडचण माहीत आहे, म्हणून त्यांनी 2002 पासून आधी सहा आणि मग बऱ्याच काउंट्यांत वेगळाच नियम आणला. शिंगांमधलं आतलं अंतर 13 इंच किंवा जास्त असेल, नाहीतर निदान एक शिंग बिनफाट्याचं असेल, तरच नर मारता येतो. कान टवकारलेल्या नराच्या एका कानाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण तेवढंच अंतर भरतं म्हणून लांबूनही अंदाज येतो. बहुतेक दीड वर्षाचे नर यात आपोआप वाचतात, कोणाला वय ओळखता येवो न येवो. मला हा नियम म्हणूनच आवडतो.

खरी चूक होते ती माद्या मारताना. एकटं उभं असलेलं 'मादी' पुष्कळदा नर पाडस निघतं, त्याच्या डोक्यावर नुसत्या गुठळ्या असतात. पाडसाचं नाक आखूड, अंग चौकोनी, आणि नर पाडसाचं डोकं दोन कानांमध्ये सपाट दिसतं, मादीचं गोल. शेजारी दुसरं हरीण येईपर्यंत थांबा, आकाराची तुलना झाली की निम्मं काम होतं.

प्रश्न: मुळात हरणं मारून मॅनेजमेंट कसली? आणि आमच्याकडे बैल घेताना तोंड उघडून आदत, दुसा, चौसा सांगतात, तसं हरणाचं जमत नाही का?
– एक शेतकरी वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: तुमचा पहिला प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं स्पष्ट मत आहे. टेक्सासात लांडगे माणसाने कधीच संपवले, हरणं वाढली की झाडोरा ओरबाडून शेवटी स्वतःच उपाशी मरतात, तिथे लांडग्याचं काम बंदूक करते आणि 1937 पासून बंदुका-काडतुसांवरचा अमेरिकी केंद्र सरकारचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो.

दातांचं म्हणाल तर बैलाचे पुढचे दात दोन-दोन करत चार वर्षांच्या आसपासपर्यंत बदलत राहतात (एकही बदलला नाही तो आदत, दोन बदलले तो दुसा, चार बदलले तो चौसा) म्हणून बाजारात तुमचं जमतं. हरणाचे पुढचे सगळे दात साधारण वर्षभरातच बदलून होतात, मग तोंड उघडून समोर बघून काही कळत नाही, मागे दाढांपर्यंत जावं लागतं. आपल्या जंगलात वाघाने किंवा रानकुत्र्यांनी मारलेल्या चितळाचा जबडा मिळाला तर अभ्यासकही दाढाच बघतात, शिकार पाडसाची झाली का जुन्या जनावराची ते कळायला. आणि ती तीन उंचवट्यांची दुधाची दाढ तुमच्या वासराच्या खालच्या जबड्यातही असते बरं का, फक्त बाजारात तेवढ्या आत कोणी बघत नाही.