चावी हातात आली, आता कोर्स कोणता?

प्रश्न : मी कुर्ल्याच्या एका अनुदानित शाळेत लिपिक आहे. ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या आणि ग्रंथालयाची चावी माझ्याकडे आली. ६ कपाटं, ३,००० च्या वर पुस्तकं. मी बी.ए. आहे. मुख्याध्यापक म्हणतात, "एखादा छोटा कोर्स करून टाका." बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीसाठी सध्या ना वेळ, ना पैसा. त्या पदवीशिवाय काय करता येईल?
— एक वाचक भगिनी, कुर्ला

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि परळच्या शाळेत मला मिळालेलं चाव्यांचं जुडगं आठवलं. एका कपाटाची चावी त्यात नव्हतीच. कुलूप तोडलं तर आत जुने दिवाळी अंक आणि झुरळं!

आधी मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, कोर्स कशासाठी? ग्रंथपालाच्या पदावर तुमचा विचार होणार आहे की नवीन माणूस येईपर्यंत काम ढकलायचंय? पदाचा विषय असेल तर छोट्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. कोणती पात्रता ग्राह्य धरतील ते शिक्षण विभागाकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर फी भरून पस्तावलेल्या दोघीजणी माझ्या ओळखीत आहेत.

काम शिकायचं असेल तर माझं पहिलं बोट राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या ग्रंथालयशास्त्र प्रमाणपत्र परीक्षेकडे. साधारण सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, मराठीतून. दहावी झालेल्यालाही बसता येतं, तुम्ही तर पदवीधर. संचालनालय फोर्टला, एशियाटिक सोसायटी आहे त्याच टाउन हॉलच्या इमारतीत. एक दिवस अर्धी रजा टाका आणि मुंबईतले वर्ग कधी, कुठे भरतात ते समक्ष विचारून या. मी याच वाटेने आले. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवही कशी लिहायची, पुस्तकाला वर्गांक म्हणजे विषयाचा आकडा कसा द्यायचा, देवघेव, वर्षअखेरची पडताळणी, फाटकी पुस्तकं रीतसर बाद कशी करायची, हे सगळं तिथे शिकले. हा शेवटचा धडा शाळेत सोन्याच्या मोलाचा. पुस्तक हरवलं तर पगारातून कापतील या धास्तीनेच आपल्याकडे निम्मी कपाटं कुलपात असतात.

घरी बसून शिकायचं तर इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचं प्रमाणपत्र आहे. किमान सहा महिने, अट बारावी. प्रवेश जानेवारी आणि जुलै, अशा दोन सत्रांना. पण स्वाध्याय वेळेवर लिहायची शिस्त हवी. माझ्या एका मैत्रिणीचे अजून पिशवीतच आहेत. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावर या विषयाचे पाठ फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. आधी तिथे दोन-चार पाठ ऐका. विषय रुचतोय का ते पैसे न घालता कळेल.

आता या अभ्यासांतून मला न मिळालेली गोष्ट. पहिल्याच वर्षी पाचवीतला एक मुलगा आला. "बाई, साप कुठे ठेवलेत?" पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत साप ५९७.९६. नुकतीच परीक्षा झाली होती, आकडा तोंडपाठ! पण पुस्तक सगळ्यात वरच्या खणात, काचेच्या दाराआड. शिपाईमामा स्टूल घेऊन येईपर्यंत तास संपल्याची घंटा झाली. दुसऱ्या दिवशी मी प्राण्यांचा अख्खा खण खाली आणला. क्रम मोडला म्हणून तपासणीत शेराही खाल्ला. मुलं काय मागतात, त्यांच्यापुढे पुस्तक कसं वाचायचं, वाचून झाल्यावर काय बोलायचं, हे शिकायचं असेल तर टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स बघा. काही महिने चालतो, हिंदीतूनही असतो. थोडा प्रत्यक्ष भेटीत, बाकीचा आपलं काम सांभाळून. पदोन्नतीला तो धरतील का, हा हिशेब वेगळा. ग्रंथालयाच्या तासाला मात्र फरक पडतो.

दोन दिवसांच्या चकचकीत कार्यशाळांपासून जपा. एकीला मी चांगली फी भरून गेले होते. समोसे गरम होते. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं.

आणि बी.लिब. कायमचं बाद करू नका. कोणत्याही पदवीनंतर एका वर्षाचं आहे, मुक्त विद्यापीठांतूनही होतं.

प्रश्न : माझं बी.लिब. झालंय. शाळेला ग्रंथालय संगणकावर आणायचंय. वेगळा डिप्लोमा करू का?
— एक ग्रंथपाल, मुलुंड

उत्तर : इग्नूचा ग्रंथालय स्वयंचलन आणि नेटवर्किंगचा एका वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा बी.लिब. झालेल्यांसाठीच आहे. पण एका शाळेपुरतं काम असेल तर आधी 'कोहा' लावून बघा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मूळ न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयाचं. बसवून द्यायला जाणकार लागेल. शाळेच्या संगणक शिक्षकांना हाताशी धरा. सुरुवातीला १०० पुस्तकांचीच नोंद करा, शीर्षक देवनागरीत टाका आणि शोधून सापडतंय का ते बघा. सगळ्या नोंदी चढल्या तरी जुनी दाखल नोंदवही रद्दीत देऊ नका. ऑडिटला तीच मागतात.