थंड ढगात पाणी की बर्फ?

प्रश्न : ध्रुवांकडच्या ढगांत तापमान शून्याच्या कितीतरी खाली असते. तरी त्यांत पाणी कसे टिकते? आणि हवामानाच्या मॉडेलना त्याची एवढी अडचण का होते?

उत्तर : शून्य अंशाला बर्फ वितळतो हे खरे, पण पाणी तिथे गोठेलच असे नाही. ढगातला स्वच्छ सूक्ष्म थेंब आपोआप गोठतो तो उणे 38 अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याआधी गोठायला त्याला बीज हवे : मातीचा कण, काही जिवाणू. हवेतल्या साधारण दहा लाख कणांत असा एखादाच. अंटार्क्टिकाभोवतीचा महासागर जमिनीपासून लांब, म्हणून तिथे बीजे आणखीच विरळ. परिणामी उणे 20 अंशांनाही तिथल्या ढगांत द्रव पाणी भरपूर असते.

मोजके स्फटिक तयार झाले की मात्र चित्र पालटते. बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवेत बाष्प मावण्याची मर्यादा, पाण्यावरच्यापेक्षा कमी असतो. उणे 12 अंशांना पाण्याच्या हिशेबाने जेमतेम संपृक्त असलेली हवा बर्फाच्या हिशेबाने सुमारे 12 टक्के अतिसंपृक्त ठरते. स्फटिक बाष्प ओढून घेतात, थेंब आटतात, आणि जड झालेले स्फटिक खाली पडून ढग विरळ होतो.

हवामानाचे मॉडेल म्हणजे संगणकावरचा हिशेब; तो वातावरणाचे चौकोन पाडून केला जातो, आणि एक चौकोन बहुधा 100 किलोमीटरच्या घरातला. प्रत्यक्षात त्यात पाण्याचे आणि बर्फाचे कप्पे वेगवेगळे असतात. जुन्या अनेक मॉडेलनी दोन्हींची विभागणी केवळ तापमानावरून केली, आणि बर्फ फार झाला. तेवढ्याच पाण्याचे थोडे, मोठे स्फटिक बनले तर ते असंख्य बारीक थेंबांपेक्षा कमी ऊन परतवतात. म्हणून मॉडेलमधला दक्षिण महासागर गरजेपेक्षा जास्त तापला. यातून आणखी एक चूक होते. ढगात बर्फ असेल तर तापमानवाढीत त्याचे पाणी होऊन ढग उजळतो आणि वाढीला थोडा आळा बसतो. बर्फ मुळात कमीच असेल, तर हा आळाही दुबळा. ही दुरुस्ती झाल्यावर काही नव्या मॉडेलचे तापमानवाढीचे भाकीत वाढले, त्यामागे हे एक कारण आहे. ढगाची एकूण चमक जुळली एवढ्यावर मॉडेलवर विसंबू नये. ती पाण्यामुळे जुळली की बर्फामुळे, हे तपासलेच पाहिजे.

प्रश्न : विमानावर बर्फ चढतो तो याच स्फटिकांचा का?

उत्तर : पंखांवर नाही. कोरडे स्फटिक थंड पंखावर आपटून उडून जातात. चिकटतात ते अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेले, थेंब. बारीक थेंब पंखाच्या पुढच्या कडेलाच गोठतात, जिथे फुगून बर्फ फोडणारे रबरी पट्टे (बूट) किंवा गरम हवेची सोय असते. 50 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे थेंब मागे ओघळून बुटांच्या पलीकडे गोठतात, आणि तिथे काहीच इलाज नसतो. 31 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-72 विमान कोसळले ते अशाच बर्फामुळे; 68 जण दगावले.

स्फटिकांचा धोका इंजिनाला. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या, गरम धातूवर ते अर्धवट वितळतात, ओल्या पृष्ठभागावर आणखी स्फटिक अडकतात, धातू थंड होतो आणि आतच बर्फ साचतो. तो सुटला की पाती मोडतात किंवा ज्वाला विझते. वेग मोजणारी पिटो नळीही यांनीच तुंबते. त्यातून विमानातल्या रडारला बर्फ नीट दिसत नाही : त्याच आकाराच्या पाण्याच्या थेंबाच्या सुमारे पाचवा हिस्साच प्रतिध्वनी तो देतो. दाट स्फटिक मुख्यतः उष्ण कटिबंधातल्या मोठ्या वादळी ढगांच्या माथ्यावर सापडतात. ध्रुवांकडे खरी काळजी अतिशीत थेंबांची. ते थर बरेचदा 900 मीटरहून पातळ असतात, त्यामुळे बर्फ चढू लागताच, नुसते बूट फुगवून वाट पाहत न बसता, उंची बदलावी.