वावर आणि रान: अमरावतीहून सांगलीत शिकायला येताना

तुम्ही विचारलंय की अमरावतीतून सांगलीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, दोन्हीकडं मराठीच बोलतात, तरी सगळे म्हणतात तिकडची बोली, जेवण, माणसं वेगळी. तर जुळवून कसं घ्यायचं?

सगळे म्हणतात ते खरं आहे. आणि भाषा एकच असल्यामुळंच घोटाळा जास्त होतो. बंगळुरूला गेलेली मुलगी आपण परक्या मुलखात आहोत हे धरूनच चालते. सांगलीत तसं वाटत नाही, म्हणून समोरचा तुसडा आहे की आपलंच काही चुकलं याचा विचार करत रात्री जागून काढल्या जातात. बहुतेक वेळा दोन्ही नसतं. शब्द तोच असतो, अर्थ दुसरा असतो. मी सांगलीचाच आहे, वऱ्हाडातली मुलं-मुली दरवर्षी इथं येताना बघतो, त्यामुळं नेमकं कुठं अडतं ते सांगतो.

सुरुवात भाजीवालीपासून करा. सांभार मागितलात तर तिला इडलीबरोबरचं सांबार वाटेल. इथं कोथिंबीर म्हणायचं. भेद्रं इथं टोमॅटो, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, मुरमुरे म्हणजे चिरमुरे, गंज म्हणजे पातेलं. तुमचं बेसन इथं पिठलं. पोळीचा घोळ तर रोजचा आहे: सांगलीत रोजची ती चपाती, आणि पोळी म्हटलं की पुरणाची. मेसमध्ये 'पोळी आहे का' विचारलंत तर 'आज कुठला सण?' असा उलटा प्रश्न येईल आणि विचारणारीला खरंच कळलेलं नसेल.

मैत्रीण म्हणाली 'आई-बाबा रानात गेलेत', तर जंगल डोळ्यांपुढं आणू नका. तुमचं वावर ते आमचं रान. गावाला जाणारी काळीपिवळी ते इथलं वडाप. तास बुडवणं म्हणजे बुट्टी मारणं.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द मात्र चटणी. सांगली-कोल्हापूरकडं चटणी म्हणजे नुसती तोंडी लावायची चटणी नव्हे, तर वर्षाचं करून ठेवलेलं कांदा-लसणाचं तिखट. लाल मिरची, कांदा, लसूण, सुकं खोबरं, धने, खडा मसाला, मीठ, असं सगळं भाजून-तळून कुटलेलं. ते रोजच्या भाजीत, आमटीत, रश्शात, सगळीकडं पडतं. म्हणून डबेवाल्या मावशींना 'तिखट कमी' सांगितलंत तर त्या हिरवी मिरची कमी करतील आणि चटणी तेवढीच घालतील. 'मावशी, चटणी कमी घाला' असं म्हणा, लगेच फरक पडतो.

आता बोलण्याचा सूर. सांगलीत माणसं मोठ्यानं बोलतात आणि वाक्य तोडून संपवतात. 'बस की', 'खा की', 'चल की' हे ऐकून पहिल्या आठवड्यात कुणी दटावतंय असं वाटतं. तो 'की' आग्रहाचा आहे, हुकमाचा नाही. 'कुठं चाललीस?', 'जेवलीस का?' या चौकश्या नाहीत, रामराम आहे. 'हो, आत्ताच' एवढं उत्तर पुरे. वयस्कर माणसं आदरानं 'आलासा?', 'जेवलासा का?' म्हणतील, तो 'सा' मानाचा आहे. तुम्ही 'येऊन राहिली' म्हणाल तिथं इथली मुलगी 'यायलोय' म्हणेल. हो, मुलगीसुद्धा 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलते. खेड्यांतून आलेल्या मुलींत हे फार ऐकू येतं. ती चूक नाही, ती त्यांची बोली आहे. तुम्ही हसलात तर तिला ते तितकंच लागेल, जितकं तुमच्या 'मले-तुले'ला कुणी हसलं तर तुम्हाला लागेल.

कारण हसतील. पहिले पंधरा दिवस 'मले', 'कायले', 'हाव'ची नक्कल होईल. बहुतेक वेळा त्यात कौतुकच असतं आणि मैत्रीही तिथूनच जमते. तुम्ही त्यांना चार वऱ्हाडी वाक्यं शिकवा, त्यांची चार घ्या. पण तुम्ही वर्गात उत्तर देत असताना एखादी सगळ्यांसमोर नक्कल करत असेल, तर तिला बाजूला घेऊन 'हे मला आवडत नाही' असं सरळ सांगा. इथं आडून सुचवलेलं कळत नाही, तोंडावर सांगितलेलं चालतं आणि त्याचा राग फार काळ धरला जात नाही. एक मात्र करू नका: घाईघाईनं सांगलीची बोली ओढूनताणून बोलणं. दुसऱ्या सत्रापर्यंत तो 'की' आपोआप जिभेवर येतो. तोंडी परीक्षेला प्रमाण मराठी किंवा इंग्रजी, खोलीत आणि फोनवर तुमची वऱ्हाडी, असं ठेवा.

अनोळखी माणसाशी हिंदीत सुरुवात करायची सवय तिकडच्या शहरांत असते. इथं रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी मराठीतच बोला. हिंदीत सुरुवात केलीत की तो तुम्हाला बाहेरच्या राज्यातलं धरतो आणि पुढचं सगळं बोलणं कोरडं होतं. रिक्षावाल्याला मामा किंवा काका, थोड्या मोठ्या मुलाला दादा, डबा देणाऱ्या बाईंना मावशी किंवा काकी. अण्णा, आक्का हेही सर्रास चालतं. कर्नाटक जवळ आहे, त्याची खूण भाषेत आहे. मिरजेच्या बाजारात कन्नड आणि दखनी हिंदी दोन्ही कानावर पडतील.

जेवणात तुमची अडचण तिखटाची नसणार, वऱ्हाडाला तिखटाचं कौतुक कुणी सांगू नये. अडचण अशी की सगळ्या भाज्यांना त्याच चटणीची चव येते आणि तिसऱ्या आठवड्यात जीव वरण-भाताला, पाटवडीला, आलुबोंड्याबरोबरच्या कढीला आसुसतो. त्यावर उपाय म्हणजे घरून कोरडी चटणी. जवसाची अर्धा किलो आणा. रोज एक मोठा चमचा धरला तर महिनाभर पुरते. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, पूर्ण गार झाल्याशिवाय कुटायचे नाहीत आणि गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही. कोमट भरली की झाकणाला आतून वाफ धरते आणि बुरशी येते. जवसाला तेल फार, त्यामुळं कुटलेली चटणी दीड-दोन महिन्यांत खवट होते. एकदम दोन किलो आणण्यात अर्थ नाही. ओल्या चमच्यानं काढू नका. संपली की इथली कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, भाकरीबरोबर ती तुम्हाला परकी वाटणार नाही. भाकरी तर तुमच्याकडची भाकरच आहे, फक्त इथं शाळूची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची जास्त. मिसळीबरोबर तर्री म्हणून जे मागाल त्याला इथं कट म्हणतात, आणि पावाऐवजी बऱ्याच ठिकाणी कापलेला ब्रेड येतो. भडंग मात्र पहिल्याच दिवशी विकत घ्या: चिरमुरे, लसूण, शेंगदाणे, तिखट. खोलीतली रात्री अकराची भूक त्यावर भागते.

मेस ठरवताना चार गोष्टी आधी विचारा आणि शक्य तर मोबाईलवर लिहून घ्या. खाडा कसा धरतात, म्हणजे किती दिवस सलग नसाल तर पैसे वळते होतात आणि किती आधी सांगावं लागतं. रविवारी रात्री मेस बंद असते का. चपात्या मोजून की पोटभर. आणि महिना मध्येच सोडला तर आगाऊ रक्कम परत मिळते का. भांडणं यावरूनच होतात. पहिला महिना पूर्ण पैसे भरण्याआधी तीन-चार दिवस सुट्टा डबा घेऊन बघा.

खोलीचं त्याहून काळजीनं बघा. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महानगरपालिका आहे, पण राहायच्या दृष्टीनं ही वेगळीच गावं. विश्रामबाग कॉलेजांचा भाग, नदीपासून लांब. गावभाग, सांगलवाडी, कर्नाळ रस्त्याकडचा भाग नदीजवळ. तिथं भाडं कमी सांगतील. घरमालकांना एकच प्रश्न विचारा: '२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?' सांगलीत हा प्रश्न कुणाला विचित्र वाटत नाही. बरेच जण भिंतीवर हात ठेवून दाखवतील. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. २००५ ला आणि २०२१ लाही मोठे पूर आले. पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये चहाच्या टपरीवर 'आयर्विनला किती?' असं कुणी विचारलं तर ते १९२९ च्या त्या जुन्या पुलापाशी पाणी किती फूट चढलंय, एवढंच विचारत असतं. तुम्हीही तो आकडा बघत जा.

यात बाहेरून आलेल्यांची हमखास चूक होते ती अशी: सांगली शहरात पाऊस अमरावतीपेक्षा कमीच पडतो, त्यामुळं ऊन पडलंय म्हणून मुलं निर्धास्त असतात. पण पूर इथल्या पावसानं येत नाही, वर महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला पडलेल्या पावसानं आणि कोयना धरणातून सोडलेल्या पाण्यानं येतो. इथं आकाश कोरडं असतानाही नदी चढते. नदीकडच्या भागात राहात असाल तर पाणी इशारा पातळीकडं सरकायला लागलं की गुणपत्रिका, दाखले, लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विश्रामबागेतल्या मैत्रिणीकडं नेऊन ठेवा. 'बघू उद्या' म्हणू नका.

खोलीचीच आणखी एक गोष्ट. इथं जैन आणि लिंगायत घरं बरीच आहेत. अशा घरी खोली घेतलीत तर अंडी-मटण आणायला चालत नाही, काही घरी कांदा-लसूणही नाही आणि रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी. माणसं अतिशय मायेची असतात, पण नियम आधी विचारून घ्या, नंतर लपूनछपून अंडी उकडण्यात दोघांनाही त्रास. आणि 'आडनाव काय?' हा प्रश्न येईल. गावाकडचा माणूस बऱ्याचदा पाहुणेसंबंध जुळवायला विचारतो. पण आडनाव ऐकून कुणी खोली 'आत्ताच गेली' असं म्हणालं, तर तिथं एक मिनिटही विनवणी करू नका. ते चूक आहे आणि तुमची त्यात काही उणीव नाही. कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरा, हा त्यावरचा सगळ्यात चांगला इलाज.

कूलर आणायच्या भानगडीत पडू नका. इथला मे महिना अमरावतीच्या मानानं सौम्य असतो.

सणांचं गणित थोडं बदलतं. श्रावणातल्या अमावास्येला तुमच्याकडं पोळा. इथं बैलांचा सण बेंदूर, तो आषाढातच होऊन जातो. त्यामुळं पोळ्याच्या दिवशी कॉलेज चालू असेल आणि कुणाला त्याचं काही वाटणार नाही. त्या दिवशी घरची आठवण जास्त येते, हे आधीच माहीत असू द्या. तुमच्या महालक्ष्म्या इथं गौरी. भाद्रपदात सांगलीच्या गणपती मंदिरातला चोर गणपती बघा, तो चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसतो.

पहिल्या सत्रात सगळ्यात जड जातो तो शनिवार-रविवार. सांगलीचे निम्मे वर्गमित्र शनिवारी दुपारी गावाकडं निघून जातात: तासगाव, पलूस, वाळवा, कवठेमहांकाळ. वसतिगृह ओस पडतं आणि लांबची मुलं आपापसात गोळा होतात. विदर्भातल्या मुलींचा गट असणं चांगलंच, आजारपणात तोच धावून येतो. पण फक्त तेवढाच राहिला तर दोन वर्षांनीही सांगली परकी वाटते. म्हणून कुणी 'रविवारी घरी चल की' म्हणालं तर ते तोंडदेखलं समजू नका, इथं असं उगाच म्हणत नाहीत. घरी आधी फोनवर सांगा, मैत्रिणीच्या आईशी आईचं बोलणं करून द्या आणि जा. जाताना लहान मुलांसाठी बिस्किटं किंवा अर्धा किलो फळं न्या. गेल्यावर आजी-आजोबांच्या पाया पडा. ताटात पहिल्यांदा कमी घ्या, कारण दुसऱ्यांदा वाढणारच आणि 'नको' तीनदा म्हटल्याशिवाय ते खरं धरत नाहीत. रस्सा वाटीनं भुरका मारून प्यायला तर त्या माउलीला बरं वाटतं. ऊसतोडीच्या दिवसांत गेलात तर गुऱ्हाळावर न्यायला सांगा. परतायला शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेवा. अंधार पडल्यावर वडाप मिळेलच असं नाही.

घरी जाण्याचं तेवढं हाती ठेवा. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस बडनेऱ्याला आणि सांगलीला दोन्हीकडं थांबते, गाडी बदलावी लागत नाही, पण जवळजवळ पूर्ण दिवस जातो. आरक्षण ६० दिवस आधी सुटतं. दिवाळीचं तिकीट सुट्टी जाहीर होण्याची वाट बघत बसलात तर प्रतीक्षा यादीत अडकाल. लक्ष्मीपूजनाच्या चार दिवस आधीची तारीख धरून, बरोबर साठाव्या दिवशी सकाळी काढून टाका, नंतर रद्द करावं लागलं तरी चालेल. येतानाचंही त्याच आठवड्यात काढा, आणि परतीच्या पिशवीत जवसाच्या चटणीचा अर्धा किलो जास्त असू द्या. तोवर तुमच्या खोलीतल्या सांगलीच्या मुली ती मागायला लागलेल्या असतील.