सुयांची भीती आणि धरलेली कंबर

प्रश्न : कापूस वेचून कंबर धरली आहे. ॲक्युपंक्चर करून पाहा म्हणतात, पण सुईचं नाव काढलं तरी घाम फुटतो. तिथे नेमकं काय करतात?
– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, इंजेक्शनची सुई औषध जाण्यासाठी पोकळ, म्हणून जाड असते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते, जाडी साधारण पाव मिलिमीटर. शिरताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग तिथे जडपणा किंवा मुंग्या येतात. वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. कंबरेसाठी गुडघ्याच्या मागेही सुई लावतात, त्याने गोंधळू नका. सोबत घरची बाई न्या, संकोच राहत नाही.

वावरातून थेट, उपाशीपोटी जाऊ नका. आमच्याकडच्या बाया एकादशीच्या दिवशीच वेळ काढतात आणि भोवळ येते, याची मला फार काळजी वाटते. भाकरी खाऊनच जा.

सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, वापरलेली सुई चालायची नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे. उपचारकाची नोंदणी बेधडक विचारा. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, दिवस गेलेले असणं, हे आधीच सांगा. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र बंद करू नका.

एका खेपेत कंबर मोकळी होईल असं नाही. काहींना काही बैठकांनंतर उतार पडतो, काहींना पडतच नाही. टोचल्या जागी थोडं रक्त किंवा निळा डाग दिसू शकतो. पाय बधिर होत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर सुया नकोत. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.