डॉक्युमेंटेशन केलंय, पण डिझाइनर वाचतच नाहीत!

प्रश्न: मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइन सिस्टिम सांभाळते. बटणं, रंग, फॉन्ट, स्पेसिंग सगळ्याचं भलंमोठं डॉक्युमेंट केलं, लिंक ग्रुपवर पिन केली, तरी रोज तेच प्रश्न येतात. कुठला करडा वापरू, मराठी स्क्रीनवर मात्रा का कापल्या जातायत वगैरे. लोकांना वाचायचंच नसतं म्हणून नाद सोडून द्यावा का?

उत्तर: नाद अजिबात सोडू नका, पण लोकांना वाचायचंच नसतं हे काही मला पटत नाही. डिझाइनर माणूस फिगमात, म्हणजे स्क्रीन डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मान घालून बसलेला असतो, संध्याकाळी स्क्रीन द्यायची असते, तेवढ्यात तुमचं डॉक्युमेंट उघडून प्रस्तावना, तत्त्वं, मग टायपोग्राफी असं स्क्रोल करत कोण बसणार? तो ग्रुपवर विचारून मोकळा होतो, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

म्हणून ग्रुपवर येणारे ते प्रश्नच गोळा करा, तीच तुमची अनुक्रमणिका. पानाचं नावही 'टायपोग्राफी मार्गदर्शन' नको, 'मराठी मजकुरात मात्रा कापल्या जातायत' असंच ठेवा, म्हणजे सर्च केलं की सापडेल. वर पहिल्याच ओळीत उत्तर: लाइन-हाइट (ओळीची उंची) फॉन्टच्या मापाच्या १.५ पट आसपास ठेवा, लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य. त्याखाली कारण, दोनच ओळीत. इंग्रजीच्या मापाने ओळी घट्ट बसवल्या की शिरोरेषेवरचे रफार, वेलांट्या, अनुस्वार आणि खालचे उकार यांना जागाच उरत नाही, आणि अक्षरांत अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते. मग दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी, एक चुकीचा एक बरोबर, आणि त्यात शब्दही 'दुर्मिळ', 'मूर्ती' असे घ्या की फरक लगेच दिसेल, 'कमल' घेतलं तर काय दिसणार!

कारण मात्र गाळू नका. 'फिका करडा वापरू नये' एवढंच लिहिलं तर वाद होतो. साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजीच्या (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम) एए पातळीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१ लागतो, पांढऱ्यावर #९९९९९९ या कोडचा करडा २.८५ वरच थांबतो, #७६७६७६ जेमतेम पास होतो, असं लिहिलंत की पुढच्या वेळी माणूस स्वतःच तपासतो, तुम्हाला विचारायला येत नाही.

दुसरं म्हणजे माहिती जिथे काम चालतं तिथे न्या. फिगमात कंपोनंटला, म्हणजे बटणासारख्या पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार भागाला, डिस्क्रिप्शन लिहिता येतं, डॉक्युमेंटची लिंकही जोडता येते, ते रिकामं ठेवू नका. स्क्रीनवर क्षणभर येऊन जाणाऱ्या छोट्या सूचनेला तुम्ही 'स्नॅकबार' म्हणता आणि टीम 'टोस्ट' म्हणत असेल तर दोन्ही शब्द डिस्क्रिप्शनमध्ये टाका, सर्चला ते लागतात.

लिहून झालं की टीममधल्या नवीन कोणाला तरी बसवा, एक काम द्या आणि शेजारी गप्प बसा. हे सगळ्यात अवघड असतं, 'अगं डावीकडे बघ' म्हणायचा मोह होतोच, पण म्हणू नका, ती जिथे अडली तिथे पान दुरुस्त करायचं. प्रत्येक पानावर कोणाला विचारायचं ते नाव आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख हवी. जुनी पानं सरळ काढून टाका, एकदा जरी जुना रंग मिळाला तरी माणूस पुन्हा तुमच्या डॉक्युमेंटकडे फिरकत नाही.

सुरुवात मात्रांच्या पानापासूनच करा. पुढच्या वेळी कोणी ग्रुपवर विचारलं की उत्तर टाइप करू नका, त्या पानाची लिंक द्या, आणि त्यातही उत्तर मिळालं नाही असं कोणी म्हणालं तर ते लगेच पानातच भरा.